आजीच्या हातची गोळी

शनिवारी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या क्लिनिकात कार्मेल तुस्कानो सहा वर्षांच्या जोएलच्या दंडावर टायफॉइडची लस टोचत होती आणि तो तिला शार्कबद्दल सांगत होता. सुई निघाली तरी शार्क संपला नव्हता.

कार्मेल मूळची वसईजवळच्या गिरीजची. इथे ती नर्स आहे. परदेशी जाणाऱ्यांचं लसीकरण तिच्याकडे. जोएलची आई हॅरिएट नाम्बी युगांडाची, वृद्धाश्रमात काम करणारी. नऊ वर्षांनी ती पहिल्यांदाच माहेरी, जिंजाला निघाली होती. सोमवारी रात्रीचं विमान.

"मलेरियाच्या गोळ्या आणल्यास ना?" कार्मेलने विचारलं.

हॅरिएटने पर्स उघडली. डॉक्टरांची चिठ्ठी होती तशीच घडीत होती. "नो वरीज. मी तिथेच वाढलेय. डास मला ओळखतात."

"ओळखत होते. आता त्यांच्या लेखी तू ऑस्ट्रेलियन. तुझ्या अंगातली मलेरिया पचवायची ताकद इतक्या वर्षांत ओसरली. आणि याच्यात तर ती कधी नव्हतीच."

हॅरिएटला हे ठाऊक होतं. शाळेत तिच्या शेजारी बसणारी मुलगी मलेरियाने गेली होती. माहिती कमी नव्हती. अडलं होतं दुसरीकडेच.

"आई दुखावेल," ती शेवटी म्हणाली. "माझ्या घरी राहायचं तर पोराला औषध लागतं का, म्हणेल. शेजारणी आहेतच. लेक गोऱ्यांची झाली, एवढंच ऐकायचं राहिलंय."

कार्मेलने हातमोजे काढले. तिचा मुलगा ड्वेन दोन वर्षांचा असताना ती त्याच्यासाठी बाटलीबंद पाणी घेऊन गिरीजला गेली होती. "आमच्या विहिरीचं पाणी बाधतं होय गं तुझ्या लेकाला?" म्हणून आईने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी कार्मेलने पातेलंच तिच्या हातात दिलं. "तूच उकळून दे. मला जमत नाही." मग न उकळलेला थेंब ड्वेनच्या तोंडात गेला नाही. ड्वेनच्या सख्ख्या मावशीने पेला पुढे केला तरी आई आधी विचारायची, उकळलेलं आहे ना?

हे सगळं तिने हॅरिएटला सांगितलं. "गोळी तू देऊच नकोस. आजीला देऊ दे."

जिंजात तेव्हा सकाळ होती. हॅरिएटने आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि लुगांडा भाषेत बराच वेळ बोलली. मग पलीकडून एक प्रश्न आला.

"विचारतेय, हा गोळी थुंकतो का?" हॅरिएट म्हणाली.

"कडू असते," कार्मेल म्हणाली. "चुरा करून कंडेन्स्ड मिल्कमधून द्यायची."

"यक," जोएल म्हणाला.

पलीकडून मोठ्ठा हशा आला. "म्हणते, पाच पोरांना क्विनीन पाजलंय, हा कोण लागून गेला?" हॅरिएट सांगत होती. मग आवाज बदलला. "आणि मीही घ्यायची म्हणे. म्हणते, तूही आता पाहुणीच." यावर ती हसली नाही. पण चिठ्ठी घेऊन शेजारच्या फार्मसीत गेली, आणि दोघांच्या गोळ्या घेऊनच परत आली.

गोळी रोज घ्यायची, आणि सुरुवात निघायच्या आदल्या दिवशीच करायची. आजीने एकच अट घातली होती: पहिलीपासून प्रत्येक गोळी तिच्या डोळ्यांसमोर. कार्मेलला ती सोयीची वाटली. जिंजाच्या घड्याळानेच सुरू केलं की तिथे पोचल्यावर गोळीची वेळ बदलायला नको.

उद्या रविवार, क्लिनिक बंद. मेलबर्नमध्ये दुपारचे तीन वाजतील तेव्हा जिंजात सकाळचे आठ. जोएलची पहिली गोळी तेव्हा, व्हिडिओ कॉलवर.