बेबाबाईचा दुपारचा बाजा

जीवराम रेडिओ दुरुस्त करायचा. पिंप्राळ्यात त्याने आणि थोरला भाऊ शालिग्राम याने मिळून घर बांधलं होतं. मधे भिंत, दोन्हीकडे दोन-दोन खोल्या, पुढे एकच अंगण. शहाऐंशीच्या हिवाळ्यात जीवरामची स्कूटर ट्रकखाली गेली. दिवसकार्य उरकल्यावर शालिग्रामभाऊंनी त्याच्या बायकोला, बेबाबाईला, निरोप धाडला: मूलबाळ नाही, आता भडगावला माहेरी जा.

निरोपच धाडावा लागला, कारण त्या घरात भावजय थोरल्या दिराशी बोलत नसे. भाऊ समोर आले की ती पदर ओढून बाजूला व्हायची. पण ती गेली नाही. शिलाई मशीन घेतलं आणि गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला बसली.

मग भाऊंनी पाणी तोडलं. नळ दोघांचा असला तरी त्याची चावी त्यांच्या बाजूला होती. होळीपासून बेबाबाई शेजारी आमच्याकडून, म्हणजे माझ्या आईकडून, कमलबाईकडून, पाणी न्यायची. ती अंगणातून हंडा नेत असताना भाऊ ओट्यावर बसून बघत राहायचे. कापसाची दलाली करायचे ते. उन्हाळ्यात धंदा बंद, म्हणून दिवसभर घरीच.

जीवरामकडे दुरुस्तीला आलेला एक रेकॉर्ड प्लेअर पडून होता. बदली होऊन गेलेला कुणी साहेब तो न्यायला परत आलाच नव्हता. विकण्याआधी चालतो का बघावं म्हणून बेबाबाईने एका दुपारी तो लावला. आत एकच रेकॉर्ड होती. वेष्टनावर चार माणसं: एकाच्या तोंडात सॅक्सोफोन, एक पियानोवर, एक ढोलताशा घेऊन, आणि एकाने माणसाएवढं व्हायोलिन उभं धरलेलं. जॅझ म्हणतात त्याला, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं.

सॅक्सोफोन असा किंचाळला की बेबाबाईने कान झाकले. ती बंद करायला उठली, तेवढ्यात मधल्या भिंतीवर धाडधाड बुक्क्या बसल्या. भाऊंची झोप मोडली होती. मग बेबाबाईने आवाज पूर्ण वाढवला.

त्या दिवसापासून भाऊ जेवून आडवे झाले की बाजा सुरू. तिला स्वतःला तो मुळीच आवडत नव्हता. एकाचं पुरं होत नाही तोच दुसरा तोंड घालतो, अगदी पलीकडच्या घरासारखं, असं ती आईला सांगायची. तिचं डोकं दुखायचं, कपाळाला बाम चोळून ती शिवत राहायची. रेकॉर्डवरचा कार्यक्रम लोकांसमोर झालेला, त्यामुळे मधेच कुणी खोकायचं, पेले वाजायचे, टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांनी भाऊ जास्त पेटायचे. ही बाई माणसं गोळा करून मला हसते, असं ते गल्लीभर सांगत सुटले.

शेवटी त्यांनी धनसिंग नानांना आणि आणखी दोघा वडीलधाऱ्यांना न्याय करायला आणलं. भर दुपारी ती मंडळी बेबाबाईच्या खोलीत सतरंजीवर बसली. नाना म्हणाले, आधी ऐकू तर दे. तिने रेकॉर्ड लावली. कुणालाच ते सोसवेना. टाळ्या वाजल्या तेव्हा नानांनी दचकून दाराकडे बघितलं. हे ऐकून माणूस आजारी पडेल, असं त्यांचं मत झालं. भाऊ खूश झाले आणि बाई घर सोडून जाते का, हे विचारा म्हणाले.

तेव्हा बेबाबाईने पदर मागे सारला. पहिल्यांदाच तिने थोरल्या दिराच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"हाई घर मन्हंबी शे," तिने घरावरचा आपलाही हक्क सांगितला. "पानी सोडा, मंग मी बाजा बंद करसू."

पाण्याचं नानांना माहीत नव्हतं. त्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊ उठले, चालती रेकॉर्ड प्लेअरवरून ओढली आणि दारातून न्हाणीच्या पत्र्यावर भिरकावली. मे महिना होता, पत्रा तापलेला. आईने काठीने खाली काढेपर्यंत ती पापडासारखी वाकडी झाली होती.

बेबाबाईने तीच परत लावली. पिन वर-खाली हेलकावू लागली आणि सॅक्सोफोन दुखणाईत म्हशीसारखा हंबरू लागला. आधीच्यापेक्षा भयंकर. नाना कानांवर हात ठेवून बाहेर पडले आणि अंगणातून ओरडले, "शालिग्राम, नळ सोड."

भाऊंनी नळ सोडला. बेबाबाईने बाजा बंद केला, पण भाऊंवर विसंबली नाही. पुढच्या वर्षी नगरपालिकेतून स्वतःचा वेगळा नळ घेतला. प्लेअर भंगारवाल्याला दिला.

दोघांत पुढे गोडी कधीच झाली नाही. भाऊंच्या मुलीच्या लग्नात अख्ख्या पिंप्राळ्याला पंगत होती, भिंतीपलीकडे पत्रिकाही गेली नाही. त्र्याण्णव साली भाऊंनी अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंच भिंत घातली. बेबाबाईने गवंड्याला बोलावून आपल्या बाजूने तिला चुना मारून घेतला आणि खिळे ठोकून वाळत घालायची दोरी बांधली.