सावलीतला पारा

निफाडजवळच्या आमच्या हवामान केंद्रात माणसं तीन. गांगुर्डे सर प्रमुख, कुसुमताई निरीक्षक आणि मी त्यांच्या हाताखाली. तापमान, पाऊस, ऊन मोजायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच काम. पण लोकांना वाटतं, हवा आम्हीच सोडतो! त्यामुळे मे महिना लागला की चहाच्या टेबलावर किस्से साचतात. घरी सांगितले तर बायको म्हणते, “थापा पुरे.” म्हणून तुम्हाला सांगतो.

*

एकदा बाजारपेठेतले एक कापडवाले शेठ तावातावाने आले.

“थंडीत पेपरात पहिलं नाव आपल्या निफाडचं. अन् उन्हाळा आला की मालेगाव पुढं! एखादी डिग्री वाढवली तर कुणाचं काय जातंय?”

सर म्हणाले, “शेठ, तुमच्या मीटरमध्ये सेंटिमीटर किती?”

“शंभर!”

“दोन-चार कमी धरले तर कुणाचं काय जातंय?”

शेठनी दचकून मागे पाहिलं. “हळू बोला की, सर!”

*

कुठल्याशा चॅनेलचा फोन तर रोजचाच.

“मॅडम, आज रेकॉर्ड मोडलं ना?”

“नाही,” कुसुमताई म्हणाल्या.

“मोडायला आलंय?”

“नाही.”

“मग तडकलंय असं चालवू?”

“मोडलं की मी कळवते. तोवर तुम्ही मोडू नका!”

*

नाशिकरोडहून एक जोडपं आलं. दोघंही पन्नाशीची. लग्न निफाडातच झालेलं. नवऱ्याला त्या दिवसाचं तापमान हवं होतं.

“मी बोहल्यावर चक्कर येऊन पडलो होतो, मॅडम. ही तेव्हापासून सगळ्या पाहुण्यांना सांगते, घाबरून पडला! अहो, मे महिना होता. ऊन काय होतं!”

बायको नुसती हसत होती.

ताईंनी जुनी नोंद काढली. आदल्या दिवशी वळीव पडून गेलेला. लग्नाच्या दिवशी आभाळ भरलेलं, गार वारा. ताईंनी ते पान त्यांच्याकडे फिरवलं.

गृहस्थांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “यंत्र बिघडलं असेल.”

“यंत्र व्यवस्थित होतं,” ताई म्हणाल्या. यंत्रावर आळ त्यांना खपत नाही.

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. “ताई, शिक्का मारून द्या. मी फ्रेम करून लावते!”

*

एकवीस जूनला सकाळी भाजीच्या मळ्यात काम करणाऱ्या पाच-सहा बायका फाटकाशी उभ्या. पुढं होती हिराबाई. आवाज असा की पाखरं उडावीत.

“सायेब, आज दिस लय मोठा असतो म्हणं. खरं हाय?”

सर खूश झाले. पृथ्वीचा कल, सूर्याचं उत्तरायण, सगळं हातवारे करून सांगितलं.

“अन् लहान दिस कवा?”

“डिसेंबरात.”

हिराबाई बायकांकडे वळली. “बघा! मालक म्हणतो, दिस मावळला की सुट्टी. डिसेंबरात चालंल. जूनमधी आपण घड्याळावर सुटायचं!”

सर म्हणाले, “अहो, पण मालक ऐकेल का?”

“न ऐकून जातोय कुठं? सूर्याला घाई नाय, सायेब. त्याला घरी जाऊन भाकरी थापायच्या नायत!”

त्या दिवशी सूर्य वर असतानाच बायका आमच्या फाटकावरून घरी गेल्या. हिराबाईनं सरांना हात केला.

*

आता हा गेल्या उन्हाळ्यातला.

निफाडजवळच्याच एका कारखान्यात शेडचं काम घेतलेला ठेकेदार आला. गॉगल डोक्यावर. एका दिवसाचा दाखला हवा होता.

“तुमचं तापमान सावलीतलं असतं ना? तेवढंच द्या. आणि खाली एक ओळ टाका, हवा ढगाळ होती.”

“आकडा जो आहे तो मिळेल,” कुसुमताई म्हणाल्या. “ओळ मिळणार नाही.”

“ताई, माझी वरपर्यंत ओळख आहे.”

“मग ढग तिथूनच आणा!”

तो खुर्चीवरून हलेना. तेवढ्यात एक बाई दारात आली. सायखेड्याची. तिलाही त्याच दिवसाचा दाखला हवा होता.

“माझा माणूस पत्रे ठोकताना पडला. दवाखान्यात हाय, अजून डोळे उघडत नाय. हे म्हणत्यात, ऊन नव्हतंच, तो आधीपासून आजारी होता. मी तिथंच खाली सामान देत हुते.”

ठेकेदार खिडकीतून बाहेर बघत राहिला.

आमच्या गच्चीवर एक काचेचा गोळा आहे. त्यातून ऊन कागदाच्या जाड पट्टीवर पडतं आणि पट्टी जळत जाते. ढग आला की जळायची थांबते. पट्टीवर तास छापलेले असतात. कुसुमताईंनी त्या दिवसाची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काळी रेघ. कुठंही तुटलेली नाही.

“ह्यानं काय सिद्ध होतं?” ठेकेदार म्हणाला.

बाई टेबलाशी आली. दुपारचे बारा कुठं, ते तिनं विचारलं. ताईंनी दाखवलं. तिनं तिथं बोट ठेवलं.

“इथं त्यानं पाणी मागितलं.”

बोट थोडं पुढं सरकलं. “इथं म्हणाला, गरगरतंय, खाली येतो. मुकादमानं येऊ दिलं नाय.”

आणखी पुढं. “इथं पडला.”

मग तिनं बोट रेघेवरून तसंच पुढं नेलं. रेघ संपली, ऊन गेल्यानंतरचा कोरा कागद आला, तिथं थांबवलं.

“अन् इथं हे सायेब आले.”