उपरण्याखालचा हात

मला माझ्या वडिलांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं उगाच गोड वाटेल. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे एक जिन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. भाऊ तिथले मुकादम. कापसाच्या गाड्या आत घेण्यापासून रुईच्या गाठी बाहेर जाईपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. सातचा भोंगा व्हायच्या आत ते घरातून निघालेले असत आणि परत येत तेव्हा आमची जेवणं उरकलेली असत. भुवयांवर रुई, कानात रुई, आणि काही विचारलं की एकच उत्तर, सीझन आहे. सीझन संपला की यंत्रांची दुरुस्ती निघे. धाकट्या बहिणीला गोवर निघाला होता तेव्हाही सीझनच होता. ती बरी होऊन अंगणात खेळायला लागल्यावर भाऊंनी मायला विचारलं होतं की ही वाळली का एवढी.

स्वातंत्र्य मिळून आठेक वर्षं झाली होती. मी अकरावीत होते, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. आमच्या गल्लीत तिथवर पोचलेली मी एकटीच मुलगी, आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. परीक्षा फाल्गुनात होती. आणि माझं लग्न माघात ठरलेलं होतं.

ते कसं ठरलं, ते ऐका. आमच्याकडे कापसाचा किंवा बैलांचा सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहत, हातांवर उपरणं टाकत आणि खाली एकमेकांची बोटं दाबत. किती बोटं, कुठली बोटं, ते त्या दोन हातांनाच कळे. भोवतीच्या माणसांना दिसायचे फक्त दोन गंभीर चेहरे. पारोळ्याचे एक शेतकरी दर वर्षी आमच्या जिनात कापूस आणत. त्यांना सगळे आबा म्हणत. वैशाखात शेवटच्या गाड्या रिकाम्या होत असताना त्यांनी आपल्या मुलासाठी भाऊंकडे माझी विचारणा केली. भाऊंच्या मागे गाठी बांधायच्या खोळंबल्या होत्या. दोघांनी तिथेच, दोन गाड्यांच्या मधे उभं राहून, हातांवर उपरणं टाकलं. चातुर्मास संपला की सुपारी फोडायची, माघात लग्न. भाऊ परत वळले आणि गाठींच्या मागे लागले. मायला त्यांनी हे तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मला कोणी सांगितलंच नाही. मी ते पाणी भरताना शेजारणीकडून ऐकलं.

मी रडले नाही. मी डाव साधला. दसऱ्याच्या सुमाराला शाळेत परीक्षेचे फॉर्म आले, त्यावर वडिलांची सही हवी होती. भाऊ जिनाचे कागद घरी आणून जेवता जेवता सह्या करत, एकही वाचत नसत. मी माझा फॉर्म त्या गठ्ठ्यात मधोमध सारला. त्यांनी डाव्या हाताने भाकरी मोडता मोडता त्यावरही सही केली. मला आनंद झाला, आणि त्यांचा रागही आणखी आला.

दिवाळीच्या पाडव्याला जिनात सीझनचा मुहूर्त असे. पहिल्या गाडीसमोर नारळ मुकादमाने फोडायचा. वीस वर्षं तो भाऊंनी फोडला होता. त्या वर्षी जिन नव्या मालकाच्या हातात गेला होता, पण त्याने माणसं बदलायचं ठरवलंय हे भाऊंना कोणीच सांगितलं नव्हतं. नवं धोतर, नवी टोपी घालून ते गेले, तर गाडीसमोर एक तरणा माणूस नारळ घेऊन उभा होता. भाऊ हात पुढे करून चार माणसांत तसेच उभे राहिले. नवा मालक म्हणाला की आता तुम्ही आराम करा. हे आम्हाला भाऊंनी नाही, फार पुढे एका गाडीवानाने सांगितलं. त्या दिवशी ते घरी आले ते सकाळी दहा वाजताच. मी त्यांना त्या वेळी घरात कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून मला आधी वाटलं कोणीतरी वारलं.

काम गेलं, एवढंच भाऊंनी सांगितलं. मायने ते ऐकून घेतलं, दार लावलं आणि पहिली गोष्ट हीच सांगितली.

"सुपारी फुटस तोवर कोनले समजाले नको."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाचं काम गेलं म्हणून मोडलेली लग्नं तिने पाहिली होती. पंधरा दिवस कसेतरी काढायचे, एकदा पाच माणसांत सुपारी फुटली की कोणी मागे फिरत नाही, हा तिचा हिशेब. धोका एकच होता. पारोळ्याच्या गाड्या जिनात यायला लागल्या होत्या. कुठल्याही दिवशी आबांचा गाडीवान आत शिरला असता आणि मुकादम कुठे आहेत म्हणून विचारलं असतं.

ते आमच्या हातात नव्हतं, पण निदान गल्लीला काही कळू नये म्हणून भाऊ रोज सातच्या भोंग्याआधी पूर्वीसारखेच घरातून निघायचे. गल्लीतल्या लोकांना रामराम करायचे, पांझरेपर्यंत जायचे आणि पूल न ओलांडता खाली घाटावर बसायचे. चार दिवसांनी घाटावरच्या धुणं धुणाऱ्या बायका त्यांच्याकडे पाहून कुजबुजायला लागल्या. मग ते लांबून वळसा घालून मागच्या बोळातून घरात यायला लागले आणि संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत बसून राहायला लागले. ती खोली माझ्या अभ्यासाची होती. एकच लहान खिडकी, तीही बंद ठेवायची, कारण कोणाला भाऊ दिसायला नको होते. आणि मायने मला सुपारी होईपर्यंत शाळेत जायला बंदी केली होती, माझ्या तोंडून काही निघेल म्हणून. असे आम्ही दोघं बापलेक त्या अर्ध्या अंधारात कोंडलो गेलो. दारावर कोणी हाक मारली की मी वाचता वाचता थांबायचे आणि भाऊ खोकला दाबायचे. हाक मारणारा पारोळ्याचा नाही ना, एवढंच आमच्या मनात असायचं.

भाऊंना बसता येत नव्हतं. त्यांनी कडी दुरुस्त केली, मग चांगली असलेली बिजागरीही दुरुस्त केली. माझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, त्यात माझ्या सगळ्या खुणा हरवल्या. मी नुसती पुस्तकं आपटत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं.

"कितवीमा शे तू?"

मला असं झालं की भूमितीचं पुस्तक त्यांच्यासमोर फेकावं. म्हटलं, अकरावीत. मॅट्रिकला. त्यांनी विचारलं, परीक्षा कधी? म्हटलं, फाल्गुनात, फॉर्मही भरलाय. ते बोटांवर महिने मोजू लागले. मार्गशीर्ष, पौष, माघ. माघावर त्यांचा अंगठा थांबला.

"मंग फॉर्म कशाले भरा?"

"सही तुमनीच शे फॉर्मवर."

मी सगळं सांगून टाकलं. गठ्ठ्यात कागद कसा सारला, त्यांनी न वाचता सही कशी केली, लग्नाचं मला शेजारणीकडून कसं कळलं. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी खिशातलं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, एका प्रमेयाला किती वेळ लागतो ते पाहू. जिनात मजुरांच्या मागे लागायचे तसेच ते माझ्या मागे लागले. त्यांना प्रमेयातलं काही कळत नव्हतं, तरी मी अडखळले की नेमकं ओळखायचे. मला त्यांचा राग येत होता, आणि सकाळी त्यांना बोळातून यायला उशीर झाला की मी वाटही पाहत होते. लग्नाबद्दल मात्र दोघंही गप्प.

तुळशीचं लग्न झालं. चौथ्या दिवशी सकाळी आबा आले, बरोबर त्यांचे दोन भाऊबंद. आमच्याकडून गल्लीतले एक म्हातारे नाना बसले. पाटावर तांबडं कापड, त्यावर सुपारी आणि अडकित्ता. मला नवं लुगडं नेसवून माजघराच्या दारात बसवलं होतं. माय माझ्या मागे उभी होती आणि तिचा हात माझ्या खांद्यावर इतका घट्ट होता की तो दुखायला लागला. आबांनी पाऊसपाणी विचारलं, बैलांचं सांगितलं, आणि मग जिन कसा चाललाय असं विचारलं. भाऊ म्हणाले, चालू आहे. ते खोटं नव्हतं, जिन चालूच होता.

आबा मग पुढे सरकले, खांद्यावरचं उपरणं काढून मधे धरलं आणि त्याखाली हात घातला. भाऊंनीही सवयीने आपला हात पुढे केला. उपरणं एकदा हललं, आणि आबा पुढे वाकून भाऊंच्या कानाशी दोन शब्द बोलले. भाऊंचा चेहरा बदलला. पारोळ्यात सगळं कळलेलं आहे, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं. मायची बोटं माझ्या खांद्यात रुतली. आता मोडतं, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं, आणि मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही.

पण भाऊंनी हात बाहेर काढला, उपरण्याची घडी केली आणि आबांच्या मांडीवर ठेवली.

"आबा, आते उघडं बोलूत. मनी नोकरी गयी हाई तुमले माहीत शे. तरी तुम्ही म्हनी ऱ्हायनात, याच महिनामा लगीन करी टाकू, बठ्ठं आम्ही देखसूत."

आबांनी मान हलवली, लग्नाचं सगळं तेच बघणार होते. माणूस खरोखर चांगला होता. चारचौघांत भाऊंची लाज जाऊ नये म्हणून तर त्यांनी ते उपरण्याआड हळूच सांगितलं होतं. मायच्या तोंडून एक सुस्कारा निघाला, ज्यात पंधरा दिवसांचा सगळा धाक होता. माझ्यासाठी माघ निदान लांब होता. फाल्गुनाचं आता कोणी नाव काढणार नव्हतं. भाऊंनी नुसतं हो म्हणायचं होतं, त्यांची सगळी काळजी एका शब्दात मिटत होती.

"तुमना उपकार शेतस," भाऊ म्हणाले. "पन वैशाखमा मी पोरले इचारंच नही. मनाजोडे वखत नव्हता. आते वखत शे." आणि ते माझ्याकडे वळले. "तू सांग."

सगळी माणसं माझ्याकडे पाहू लागली. घरात इतकी बडबड करणारी मी, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मागून माय कानाशी म्हणत होती, हो म्हण, हो म्हण. भाऊंनी घाई केली नाही. मला अडखळलेलं त्यांनी आठ दिवस पाहिलं होतं, थांबायचं किती ते त्यांना ठाऊक होतं.

"माले परीक्षा देनी शे," मी म्हटलं.

आबांनी पाटावरची सुपारी उचलली, जरा वेळ हातात फिरवली आणि अख्खीच परत ठेवली. आम्ही थांबणार नाही, मुकादम, असं ते शांतपणे म्हणाले. चहा घेतला, नानांना नमस्कार केला आणि गेले. त्यांच्या मुलाचं लग्न पौष लागायच्या आत दुसरीकडे झालं. माय भाऊंशी महिनाभर बोलली नाही आणि माझ्याशी त्याहून जास्त. गल्लीत माझ्या नावाला डाग लागला तो लागलाच, पुढे बरीच वर्षं तो पुसला गेला नाही. भाऊंना एका तेलघाणीवर सरकी मोजून घ्यायचं काम मिळालं, मुकादमीच्या मानाने अगदीच साधं. सहाला ते घरी असत. संध्याकाळी घरात काय करायचं ते त्यांना उमजत नसे, म्हणून ते माझ्यासमोर घड्याळ घेऊन बसत.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ते रजा घेऊन मला सोडायला आले आणि सोडून परत गेलेच नाहीत. केंद्राच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसले. माझी जागा खिडकीशी होती, त्यामुळे मान वर केली की ते दिसायचे. बाराला नदीपलीकडे जिनाचा भोंगा झाला. भाऊ ताडकन उठले, टोपी सारखी केली आणि पुलाच्या दिशेने चार-पाच पावलं चालूही लागले. मग थांबले. मागे वळून त्यांनी माझी खिडकी शोधली, मी दिसले तेव्हा हातानेच खूण केली, लिही, लिही, आणि परत येऊन निंबाखाली बसले.