दादांची बारा बोअर

"ताई, वर्स्ट केस धरून चाला," असं म्हणत दादा चहाचा कप टेबलाच्या कडेपासून वीतभर आत सरकवायचे. स्वतःचा नव्हे, माझा. आइंडहोव्हनच्या आमच्या कंपनीत यंत्रांचे भाग तपासून तपासून त्यांना सगळ्या जगातच बिघाड दिसायला लागला होता. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. पण त्यांच्याबरोबर एका होडीत बसणं तुमच्या नशिबी आलं नसेल. माझ्या आलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं डोमेल नदीत कनू वल्हवायचो. कनूच्या क्लबातलं दुसरं कुणी त्यांच्याबरोबर पुन्हा बसायला तयार नव्हतं, आणि दोघं मराठी म्हणून त्यांना माझ्या गळ्यात बांधलं होतं. डोमेल ती केवढी! उभं राहिलं तर कमरेला पाणी. सगळ्यात हिंस्र प्राणी म्हणजे पिल्लं घेऊन फिरणारी हंसीण. आणि या नदीत बसून हा गृहस्थ दोन हिवाळे बंदूक निवडत होता!

कारण होतं रेवा, त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान असताना दादांनी कबूल केलं होतं, तुझी शाळा संपली की आपण दोघं कॅनडात जायचं, युकॉन नदीवर, तंबू टाकत आठवडाभर वल्हवायचं. पोरीनं तो शब्द घट्ट धरून ठेवला होता. सप्टेंबरात ती मास्ट्रिख्टला शिकायला जाणार, तेव्हा मधला एक उन्हाळा काय तो हाताशी. युकॉनच्या काठी अस्वलं असतात. म्हणून बंदूक, आणि तीही आखूड, कनूत मावणारी.

आधी दुनळी ठरली. बारा बोअरची. मधोमध उघडते, दोन तुकडे होतात, पिशवीत मावते, बिघडण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, सुटलो बाई. पुढच्या शनिवारी दादा म्हणाले, "पण ताई, काडतुसं दोनच. तिसरं अस्वल आलं तर?"

"दादा, अस्वलं काय वरातीत येतात?"

मग पंपवाली ठरली, पाच काडतुसांची. तिच्यात ओली वाळू गेली तर? मग गंज न चढणारी. ती जड. मग घडीच्या दस्त्याची, तर उडवताना ती गालावर बसते म्हणे. नळी आखूड घ्यावी तर धक्का जास्त, लांब घ्यावी तर वल्ह्यात अडकणार. माझं डोकं उठायचं.

एकदा तर त्यांनी नळीच्या मापाचा लाकडी सोटा आणला, वर काळा रंग फासून, आणि कनूत बसल्या जागी तो सामानाच्या पट्ट्याखालून किती पटकन ओढता येतो ते पाहायला लागले. काठावरून कुणीतरी पोलिसांना फोन केला. सायकलवरून दोघं आले. मी शरमेनं अर्धी झाले. दादांनी मात्र त्यांना दुनळी बरी की पंपवाली, यावर सगळं साग्रसंगीत ऐकवलं. त्यांनी सोटा जप्त केला, दम दिला आणि घाईघाईनं निघून गेले. त्यांना निघून जाता येत होतं. मला दादांसकट परत वल्हवत यायचं होतं.

वहिनींचा वैताग वेगळाच. "सकाळी बुद्धवंदना, पंचशील, सगळं म्हणतात, आणि उठले की बंदुकांचे व्हिडिओ! काय म्हणावं यांना?"

"मारायला नाही घेत. असावी म्हणून घेतो," दादा म्हणायचे.

रविवारी ते टिलबर्गच्या एका नेमबाजी क्लबात सरावाला जायचे. रेवाही जायची. पोरीचा नेम बापापेक्षा बरा, असं तिथले लोक म्हणत.

जूनमध्ये रेवा पास झाली. इथल्या रिवाजाप्रमाणे दाराबाहेर झेंड्याच्या काठीला तिचं दप्तर लटकलं, वहिनींनी शेजारी गुलाबजाम वाटले. तिकडचा वाटाड्या स्वतःकडची बंदूक द्यायला तयार होता, परवान्याचंही तोच बघणार होता. कोणती हवी, एवढंच कळवायचं होतं. दादा कळवेनात. शेवटी त्यानं लिहिलं, शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरी माणसं घेतो.

गुरुवारी मला रेवाचा फोन आला. "आत्या, वुई आर नॉट गोइंग, आर वुई?" आवाज रडवेला.

मी तडक दादांच्या टेबलाशी गेले. "दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत, खा. पोरीचा उन्हाळा खाऊ नका! कुठलीही एक सांगा, मी टाइप करते."

दादांनी जेवणाचा डबा बंद केला. "ताई, मागच्या महिन्यात नेमबाजीच्या क्लबात उडत्या तबकड्यांऐवजी डुकराचं चित्र लावलं होतं. कागदाचं डुक्कर. चापावरचं माझं बोट वळलंच नाही. आता पाहा, समोर अस्वल, मागं रेवा, आणि बोट वळत नाही. ही वर्स्ट केस. हिला कुठली बंदूक चालते, सांगा ना!"

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?" मी ओरडलेच. "मला काय सांगताय? तिला सांगा."

त्यांनी घरी जाऊन सांगितलं. रेवा म्हणाली, "फाइन. बंदूक मी धरते, यू पॅडल." आणि उभ्याउभ्या दुनळी ठरवून तिनं वाटाड्याला कळवूनही टाकलं. दोन हिवाळे, महाराजा! माझे शनिवार कोण परत देणार?

दोघं जाऊन आली. त्यानंतर दादांनी नोकरी बदलली आणि नागपूरला परतायचं ठरवलं. आता शनिवारी माझ्या पुढची जागा रिकामी असते. जाण्याआधी ते शेवटचे वल्हवायला आले, तेव्हा प्रवासाचं अवाक्षर काढत नव्हते. मीच विचारलं, "दिसलं का हो अस्वल?"

"दिसलं." माझ्याकडे पाठ करूनच ते बोलत होते. "काठावर उतरत होतो, वाटाड्या अजून मागं होता. झुडपातून आलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं. रेवानं दुनळी खांद्याला लावली. आणि मी ओरडलो, ताई. मार, रेवा, मार त्याला! मी ओरडलो."

"मग?"

"नाही मारलं तिनं. बंदूक तशीच धरून त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. जा रे, जा, आम्ही काही नाही करत. आणि गेलं ते."

त्यांचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "दादा, सुखरूप आलात ना? मग रडता काहून?"

"पोरीनं माझं ऐकलं नाही म्हणून," दादा म्हणाले. "किती बरं झालं, ताई. पोरीनं माझं ऐकलं नाही."