ह्यो खांदो माजो नाय

डाव्या खांद्यावर उजवा तळवा ठेवायचा, दोनदा दाबायचा, तोंड जरासं वाकडं करायचं आणि मग जाहीर करायचं, "ह्यो खांदो माजो नाय." आमच्या समोरच्या काकींचं हे रोजचंच. मग कोणाचा, असं विचारलं की त्या मालकाचं नाव सांगायच्या. खांदा तिसऱ्या माळ्यावरच्या सावंतांचा, कारण त्यांची कंपनी बंद पडायला आली होती. कंबर तळमजल्यावरच्या वहिनींची, त्यांच्या सासूबाई गावाहून मुक्कामाला आल्यापासूनची. पित्त पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मुलीचं, तिची परीक्षा तोंडावर आली होती म्हणून. काकींचं स्वतःचं असं काही दुखतच नसे. सगळे भाडेकरू.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटजवळच्या एका क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना सोडवते. तुम्हीही कधीतरी अशा टेबलावर पालथे पडला असाल, तर तुम्हाला सांगायला नको. साहेबाचा विषय काढला की माणसाचे खांदे कसे कानाला जाऊन भिडतात, ते मी रोज बघते. तेव्हा मनातलं अंगात उतरतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण एकाच्या टेन्शनने दुसरीचा खांदा धरतो, हे काही आमच्या पुस्तकात नव्हतं. मी काकींना म्हटलं, या क्लिनिकवर, शेक देते, व्यायाम शिकवते. तर म्हणाल्या, "माका कित्याक? सावंतांका शिकव. तेंचो खांदो सुटलो की माजो आपोआप सुटतलो."

आणि झालं काय, सावंतांना दिंडोशीला दुसरी नोकरी लागली आणि काकी दुसऱ्याच दिवशी डाव्या हाताने पंख्याची जाळी पुसताना दिसल्या. आता यावर मी काय बोलणार? कप्पाळ.

हा सगळा माल काकींकडे यायचा तो दृष्ट काढण्याच्या रस्त्याने. काकी अख्ख्या बिल्डिंगची दृष्ट काढायच्या. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेऊन माणसाला समोर स्टुलावर बसवायचं, डोक्यापासून पायापर्यंत ओवाळायचं आणि मूठ गॅसवरच्या जुन्या तव्यावर टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही तर जबर दृष्ट होती, ती जळून गेली. हे सगळीकडेच असतं. काकींची खासियत वेगळी होती. ओवाळताना त्या विचारायच्या, "बोल गो, काय सलता?" आणि सांगितल्याशिवाय मूठ खाली यायची नाही. माणूस तिथेच स्टुलावर बसून भडाभडा बोलायचा. मग काकींना जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो निघून गेला की त्याचं जे काही दुखत असेल ते काकींकडे राहायला यायचं.

आमचं घर यात बसणारं नव्हे. आम्ही जालन्याकडचे, रविवारी विहारात जाणारे. दृष्ट, उतारा, लिंबू-मिरची असलं काही माझ्या आईने उभ्या आयुष्यात दाराला लावलं नाही. काकींना हे माहीत होतं. त्यांनी कधी आग्रह केला नाही. फक्त माझा चेहरा उतरलेला दिसला की दारातून विचारायच्या, "गो, मिरची भाजूची काय?" आणि मी चिडले की खूश व्हायच्या. मीही काही कमी नव्हते. जिन्यात भेटल्या की विचारायची, काय काकी, आज कोणाकोणाला घेऊन फिरताय?

मागच्या वर्षी काकींच्या तळहातांना खाज सुटली. आधी लाल झाले, मग सालं निघायला लागली. मी नेहमीच्या सुरात विचारलं, हे हात कोणाचे? त्यांनी हात पदराखाली घेतले. "साबणाचे," म्हणाल्या. पहिल्यांदाच दुखण्याला माणूस मालक नव्हता. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं ना? पण अख्ख्या बिल्डिंगने साबण हेच धरून ठेवलं. ज्या माणसाने तुमचं रडणं ऐकलंय, त्याला काहीतरी द्यावंसं वाटतंच. कोणी कडुलिंबाचा साबण आणला, कोणी बाळाचा, सावंतांनी रबरी हातमोजे आणले. काकींच्या बाथरूममध्ये दुकान थाटलं. खाज होती तिथेच.

शेवटी मी त्यांना ओढत कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि सरळ विचारलं, घरी काही टेन्शन? काकी हसल्या. टेन्शन आणि मला, म्हणाल्या, आणि उलट डॉक्टरांचीच चौकशी सुरू केली. बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात मलमाची ट्यूब होती आणि काकी मान चोळत होत्या. डॉक्टरांचा मुलगा बारावीला नापास झाला होता म्हणे. मी रिक्षात बसेपर्यंत हसत होते.

घरात त्या आणि काका दोघंच. मुलगी लग्न होऊन मुलुंडला. काका म्हणजे इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, गॅलरीत खुर्ची. मुळातच मितभाषी माणूस. कोणी काही विचारलं की काकीच उत्तर द्यायच्या. आम्ही त्यावरूनही त्यांची चेष्टा करायचो, काकांना जरा बोलू द्या की. काकी म्हणायच्या, ते मनात बोलतत.

एका रविवारी दुपारी आमचं दार उघडं होतं. काका आत आले, चपला काढल्या, आमच्या सोफ्यावर बसले आणि आईला म्हणाले, "चाय ठेव गो." आता आमच्या सेक्टरमधली घरं सगळी एका मापाची. दार तिथेच, मोरी तिथेच, खिडकीही तिथेच. आईला वाटलं चुकून आले असतील. तिने चहा ठेवला. तेवढ्यात काकी धावत आल्या. दारात उभ्या राहून मोठ्याने हसल्या, म्हणाल्या, बघितलंत, ह्यांची मस्करी करायची सवय जात नाही. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. चांगल्या घरातला माणूस अनोळखी बाईशी बोलतो तसं, अगदी आदबीने विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

काकी हसतच होत्या. हसता हसता एका हाताच्या नखांनी दुसरा तळहात खाजवत होत्या. रक्त आलं तरी त्यांना कळलं नाही. आईने त्यांचा हात धरला तेव्हा थांबल्या. मग काकांना म्हणाल्या, चला, मी घरी सोडते तुम्हाला, आणि काका "आभारी आहे" म्हणून त्यांच्यामागे गेले.

मी सोफ्यावर बसूनच राहिले. मला इतकं वाईट वाटत होतं की काय करावं सुचेना. किती महिने ही बाई काकांचं विसरणं झाकत, गॅस बंद करत, कड्या लावत, त्यांच्या वतीने बोलत एकटी फिरत होती आणि आम्ही तिला साबण आणून देत होतो. आई म्हणाली, "ती सगळ्यांची काढते. तिची कोण काढतं?" खरंच की. आपली दृष्ट आपल्याला काढता येत नाही, दुसरं माणूस लागतं. मी म्हटलं, आई, आपण मानत नाही. आई स्वयंपाकघरात गेली आणि मिरच्यांचा डबा घेऊन आली. म्हणाली, "आपण नाही मानत. ती मानते ना? जा."

संध्याकाळी मूठ भरून गेले. काका आत झोपले होते. काकींना मी स्टुलावर बसवलं. त्या बसल्या, हे पहिलं नवल. मी ओवाळायला लागले तर म्हणाल्या, उलटं फिरवतेस. मग म्हणाल्या, मिरची पडली. मग म्हणाल्या, शेक दिल्यासारखा काय करतंस. मी वैतागून म्हटलं, गप्प बसा, आज तुम्ही पेशंट आहात. आणि मग मला त्यांच्यासारखं विचारता येईना. जे येत होतं ते विचारलं.

"काकी, हे हात कोणाचे?"

त्या तळहात मांडीवर उताणे ठेवून बघत बसल्या.

"हे हात माजे," म्हणाल्या. मग हळूच, आतलं माणूस उठू नये म्हणून, "सगळा इसरले तरी चलात गो. पण माका इसरले तर मी खंय जाऊ?"

माझी मूठ तशीच हवेत. मी त्यांना रडू दिलं आणि मीही रडले. मग मूठ तव्यावर टाकली. बाई गं, असा काही ठसका उठला की काकी खोकायला लागल्या, मी खोकायला लागले, जिन्यात सावंत खोकत दार आपटताना ऐकू आले. काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, बघितलंस, दृष्ट नव्हतीच. तुला काही येत नाही.

मी तेव्हाही दृष्ट मानत नव्हते, आताही मानत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगला सगळं ठाऊक झालं, कारण काकींनीच सांगितलं. मुलगी आली, काकांना डॉक्टरकडे नेऊन गोळ्या सुरू केल्या. दुपारी सावंतांची बायको काकांजवळ बसायची, म्हणजे काकी तासभर झोपायच्या. त्यांचे हात काही जादूने बरे झाले नाहीत. मलम लावावं लागलं, वेळ लागला. पण रक्त येणं थांबलं.

दिवाळीनंतर मुलगी दोघांना मुलुंडला घेऊन गेली. निघताना काका आमच्या दारात थांबले आणि आईला म्हणाले, "बसा निवांत, घर तुमचंच आहे." काकींनी कपाळाला हात लावला आणि मला त्यांचा जुना तवा दिला. मी म्हटलं, मी याच्यावर भाकरी करणार. म्हणाल्या, कर, पण आधी घास.

समोरच्या दाराला आता कुलूप आहे. लोकांना दुखतंय ते ज्याचं त्यालाच दुखतंय. सावंत परवा कंबर धरून माझ्या क्लिनिकवर आले, रीतसर नंबर लावून. आणि महिनाभर झाला, माझा डावा खांदा धरलाय. क्लिनिकमधली मंडळी म्हणतात, तू पेशंटवर वाकून काम करतेस, त्याने धरला. बरोबर असेल, मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.

रविवारी काकींना फोन केला. काका कसे आहेत विचारलं. आज मला ताई म्हणाले, काकींनी सांगितलं, पण चहा माझ्याच हातचा मागतात. मग त्यांनी विचारलं, आवाज असा का येतोय, तुझं काय दुखतंय? म्हटलं, खांदा. डावा.

"कोणाचो?"

"तुमचा," मी म्हटलं.

काकी फोनवर हसल्या की काय केलं, नीट कळलं नाही.

"ठेव थोडे दिस," म्हणाल्या. "मगे नेतंय परत."