रिकाम्या मोटेचं गणित

मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी मी जरा चढेलच झाले होते. नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहायचं, पदार्थविज्ञानात पहिला नंबर काढायचा आणि सुटीत नेवाशाकडच्या आमच्या वस्तीवर येऊन दिसेल त्याला शिकवत सुटायचं. जात्याचा खुंटा कडेलाच का असतो हे मी आईला एकदा चांगलं अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, "कळ्ळं. आता दळ."

मनापासून ऐकायचा तो एकटा दादा, माझा थोरला भाऊ. चौथीनंतर त्याची शाळा सुटली आणि विहिरीवरची मोट त्याच्या हाती आली. चामड्याची ती भलीमोठी मोट विहिरीत बुडायची. तिला बांधलेला नाडा ओढत बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत गेलेल्या वाटेवरून, खाली चालायचे. मोट वर येऊन काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओतायची, की बैल मागे सरत पुन्हा विहिरीपाशी. दादा उतरताना नाड्यावर बसायचा आणि गात असायचा. आसपासच्या गावांत मोट हाकावी तर त्यानेच, असं लोक म्हणत. त्याच्याजवळ एवढी एकच मिरवायची गोष्ट होती.

त्या उन्हाळ्यात आमचा तांबडा बैल थकला. उताराच्या शेवटाला आला की त्याचे पाय लटपटायचे. बाबांनी सांगून टाकलं, येत्या बाजाराला त्याला न्यायचं. असला म्हातारा बैल बाजारात कोण घेतं हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तांबड्याला दादाने वासरू होता तेव्हापासून वाढवलेलं. दोन दिवस तो धड जेवला नाही. मग माझ्यापाशी येऊन बसला.

"पोरी, तुज्या बुकात यावर काय हाय का?"

होतं ना! उताराचा धडा नुकताच झाला होता. बाईंनी फळीवर ठोकळा ठेवून फळीचं एक टोक वर उचलून दाखवलं होतं. जितका उतार जास्त, तितकं ठोकळ्याचं स्वतःचंच वजन त्याला खाली ओढतं. या ओढीला पुस्तकात प्रेरणा म्हणत. मी दादाला म्हटलं, धाव जास्त उतरती केली तर तांबड्याचं वजनच मोट ओढेल, पायांना जोर कमी लागेल. मी दोरीने धाव मोजली, भरल्या मोटेचं वजन अंदाजाने धरलं, वहीत आकृती काढली. खालची अर्धी धाव शेवटाला दीड हात खोल करायची, असं गणित निघालं. दादाला त्यातलं अक्षर कळलं नसेल. पण त्याने वही दोन्ही हातांत धरून पाहिली.

रविवार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी आमची मोट बंद असे. बाबा उपासनेसाठी शेजारच्या गावी गेले आणि मुक्कामाला राहिले. आई "शब्बाथ मोडू नका रं" म्हणत राहिली आणि आम्ही दोघं दिवसभर मुरूम खणत राहिलो.

सोमवारी बाबा आले तेव्हा मोट चालू होती. तांबडा झरझर उतरत होता. "कुनी खणली?" बाबांनी विचारलं. "म्या," दादा म्हणाला. मी गप्प राहिले, कारण माझा बेत होता की चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग ऐटीत सांगावं. बाबा धावेच्या शेवटापर्यंत चालत जाऊन आले आणि म्हणाले, "या बाजाराला राहू द्या मंग." दादा मोट सोडून लहान पोरासारखा हसला. त्याचं ते हसणं माझ्या गणिताने आणलं म्हणून मला फार गर्व झाला.

संध्याकाळी जेवताना त्याचे तळवे सोललेले दिसले. कासरा ओढून ओढून झालेलं असणार. मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मी थारोळ्यापाशी वही घेऊन बसले होते. मोट वर आली, पाणी धबाबा पडलं आणि त्याच वेळी खालून दादाची हाक ऐकू आली. तशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बैल घसरत, आम्ही खणलेल्या शेवटाच्या खड्ड्यात गेले होते. तांबड्याचा पुढचा पाय मोडला होता.

मला तिथेच कळलं. मोट भरलेली असते तोवर ती बैलांना मागे ओढते. पुढची ओढ आणि मागची ओढ सारखी, म्हणून ते एका चालीने चालतात. पाणी ओतलं की मागची ओढ एकदम जाते, पुढची तशीच राहते, आणि वेग वाढत जातो. पूर्वीच्या उतारावर बैल एका हाकेत थांबत. माझ्या उतारावर त्यांना थांबता येईना. मी गणित भरल्या मोटेचं केलं होतं, रिकाम्या मोटेचं केलंच नव्हतं. वाढत्या वेगाला पुस्तकात प्रवेग म्हणत, आणि तो धडा उताराच्या आधीचा होता. तो मला तोंडपाठ होता.

आई म्हणाली, शब्बाथ मोडल्याची शिक्षा. बाबांनी दादाला सगळ्यांदेखत म्हटलं, "कासरा धराय येत न्हाई तुला. मोट हाकायची तुजी लायकी न्हाई."

"व्हय बाबा," दादा म्हणाला. "माजाच हात चुकला."

मी वही पदराखाली धरून उभी होते. खरं सांगितलं तर बाबा माझी शाळा बंद करतील, अशी मला भीती वाटली. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

तांबडा उठला नाही. शेवटी म्हातारी जनावरं घेणारा बाजारातला खाटीकच गाडी घेऊन दारात आला. त्याच्याकडे जायचंच होतं, तर तांबडा आपल्या पायांनी तरी गेला असता. दादाने तांबड्याला गाडीत चढवायला हात लावला आणि मग एकट्यानेच धाव पुन्हा भरून काढली. मोट मात्र बाबांनी स्वतः धरली, त्या वयात. पाणी उपसायचं इंजिन येईपर्यंत दादाच्या हाती पुन्हा दिली नाही, आणि दादा विहिरीवर पुन्हा गायला नाही.

मी पुढे शाळेत हाच विषय शिकवू लागले. दर वर्षी फळ्यावर मोट काढायची, बैल काढायचे आणि मुलांना सांगायचं, इथे एका मुलीचं गणित चुकलं आणि दोष तिच्या भावावर गेला. एकदा दादा माझ्या घरी बाजरी द्यायला आला आणि माझ्याबरोबर शाळेतही आला. मागच्या बाकावर बसून त्याने सगळा तास ऐकला. मुलं गेल्यावर म्हणाला, "पोरांना सांगून काय उपेग? बाबा हुते तवा सांगायचं हुतंस."

बाजरी ओतून घेतलेल्या पोत्याची त्याने नीट घडी घातली आणि तो एसटीला निघाला. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.