चावी मिळाली नाही

आईला दादरला घर हवं होतं, समुद्राच्या बाजूचं आणि लिफ्टचं. कारण विचारलं की म्हणायची, "चैत्यभूमीला मला माझ्या पायांनी जायचंय. टॅक्सीनं नेऊन सोडलंस तर ते काय जाणं झालं?" परळच्या एका इस्पितळात तिनं आयाची नोकरी केली. त्या सगळ्या वर्षांत दर पौर्णिमेला ड्युटी संपली की ती पांढरी साडी नेसायची आणि डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतून चालत दादरला जायची. मी लहानपणी तिच्या मागून फरफटत जायचे आणि येताना भेळेसाठी रस्त्यात बसकण मारायचे.

मग तिचे गुडघे गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना लाकडी आणि उभा आहे. उतरताना तिला प्रत्येक मजल्यावर बसावं लागायचं आणि चढताना माझा खांदा धरावा लागायचा. चाळीच्या जागी टॉवर होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. मी लग्न केलं नाही, विम्याच्या ऑफिसात नोकरी केली, पैसे साठवले. टॉवरची वाट बघण्यात आईचे उरलेसुरले पाय घालवायचे नाहीत, असं मी ठरवलं आणि घर शोधायला लागले.

पहिला वाद एजंटवरून झाला. ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं, आता मोबाईलवर सगळी घरं दिसतात, थेट मालकाशी बोल, दलाली कशाला देतेस. मलाही ते पटत होतं. कुलूप उघडून "हा हॉल, हे किचन" असं सांगण्यात कसली आलीय अक्कल, हे माझं एजंट लोकांविषयीचं मत. आई मात्र हटून बसली.

"मधे माणूस असलेला बरा," ती म्हणाली.

"कशाला? मला बोलता येत नाही का?"

"तुला फार बोलता येतं, म्हणूनच म्हणते. घर घेताना मधे माणूस असावा."

जुन्या माणसांच्या सवयी असतात, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला. आईच्या ओळखीच्या एका नर्सनं एजंट सुचवला. साठी ओलांडलेला, मूळचा मालवणकडचा, काळाचौकीत वाढलेला. दादरला एका झेरॉक्सच्या दुकानात त्याचं एक टेबल होतं, तेच त्याचं ऑफिस. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिन्ही मजले चढून धापा टाकत कॉटवर बसला. समोरच्या भिंतीवर आमच्या सगळ्यांच्या घरात असतो तो निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग आईकडे. चहासाठी दूध गरम करायला घेतलं तर ते नासलं, म्हणून मी पिशवी आणायला खाली गेले. परत आले तेव्हा आई त्याला बिस्किटं घ्या म्हणून आग्रह करत होती आणि तो मान खाली घालून नको नको म्हणत होता.

त्याची कामाची पद्धत मला पहिल्यापासून खटकत होती. घर बघायला जायचं ठरलं की मी सुट्टी टाकायची, आईची साडी इस्त्री करून ठेवायची, आणि आदल्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "बाय, चावी काय गावली नाय." कधी मालक गावाला गेलेले असायचे, कधी पावणे आलेले, कधी घर परस्पर विकलं गेलेलं. दहातलं एखादं घर प्रत्यक्ष दिसायचं, ते नेमकं वडाळ्याकडे नाहीतर पार लालबागच्या आतल्या गल्लीत. समुद्राच्या बाजूची चावी या माणसाला कधी मिळायचीच नाही. मी चिडचिड करायचे. आई शांत असायची. "बरं झालं. त्या बिल्डिंगला ऊन नसणारच," असं म्हणून साडी परत कपाटात ठेवायची. न बघितलेल्या घरांमध्ये ऊन नाही, हे हिला इथे बसून कसं कळतं, म्हणून मी तिची थट्टाही केली होती.

एका शनिवारी ऑफिस अर्धा दिवस झाल्यावर मी न कळवता त्याच्या टेबलाशी गेले. तो माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. झेरॉक्सचं मशीन चालू होतं, म्हणून तो मोठ्यानं बोलत होता.

"नाय हो, आडनावावरून कळणार नाय. म्हणून तर आधीच सांगतंय, मागाहून तुमचं आमचं नको. होय, तेच. जयंतीवाले. माणसं एकदम चांगली आहेत, मायलेकी दोघीच. मुलगी ऑफिसर आहे. बरं. बरं, सोसायटीचं असं आहे तर राहू दे. ठेवतंय."

त्यानं फोन ठेवला आणि वळला. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण तोंडातून सवयीचंच वाक्य आलं, "बाय, चावी गावली नाय."

माझं डोकं फिरलं. आमची जात सांगून तुम्ही दलाली करता का, असं मी विचारलं. लोकांची सोय बघता, आमची लाज काढता, आणि वर आमच्याच घरी बसून चहा पिता. झेरॉक्सला आलेली कॉलेजची मुलं वळून बघायला लागली. माझा आवाज चढला की मला स्वतःलाच आवरता येत नाही. त्यानं टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं आणि माझं संपेपर्यंत उभा राहिला. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मी अर्थ लावला की चोरी पकडली गेली.

घरी येऊन मी सगळं आईला सांगितलं. मला वाटलं ती पेटून उठेल. मोर्च्यात पोलिसांच्या काठीखाली उभी राहिलेली बाई ती. पण ती म्हणाली, "त्याला बोलायला नको होतंस. गरीब माणूस आहे."

"तो सगळ्यांना आधी विचारत फिरतोय, आम्ही चालतो का म्हणून! आणि तू त्याचीच बाजू घेतेस?"

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? तुमच्या पिढीला खालमानेनं जगायची सवयच झाली आहे, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही."

हे मी माझ्या आईला म्हणाले. हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी घराचा नाद सोडून दिला असता. आई निवडायला घेतलेली मेथी पुढ्यात ओढून निवडत बसली.

पुढच्या महिन्यात मला मोबाईलवर हवं तसं घर सापडलं. दादर, समुद्राची बाजू, दुसरा मजला, लिफ्ट. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, एजंट नको. मालकीणबाई फोनवर फार गोड बोलल्या. आईला घेऊनच या, म्हणाल्या, घर मोठ्या माणसानं बघितलेलं बरं. मी आईला विजयी मुद्रेनं म्हटलं, "बघ. मधे कोणी नाही, काही नाही." आईनं साडी नेसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

बाईंनी दारातच आमचं हसून स्वागत केलं. "बसा, चहा टाकलाय," म्हणाल्या. गवती चहाचा वास घरभर पसरला होता. आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला, ओट्यावरून हात फिरवला. मग ती आतल्या खोलीच्या खिडकीशी गेली. इमारतींच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती, आणि तिच्या अलीकडे स्तूपाचा पांढरा घुमट. आईनं चप्पल केव्हाच काढली होती. तिनं तिथेच हात जोडले आणि डोळे मिटून ती ओठांतल्या ओठांत वंदना म्हणायला लागली. तिचा चेहरा मी इतका खुललेला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांचं हसू गेलं नाही, फक्त आखडलं.

"अच्छा. म्हणजे तुम्ही... तिकडच्या," त्या म्हणाल्या. "नाही, तसं काही नाही हं. आम्ही अजिबात मानत नाही. पण डिसेंबरात इथे केवढी गर्दी असते, आम्ही तर घर बंद करून पुण्याला जातो. तुमच्याकडे तेव्हा गावाहून माणसं उतरतील ना? सोसायटीत म्हातारी माणसं आहेत. मला विचारावं लागेल."

माझ्या जिभेवर शंभर उत्तरं होती. ऑफिसात मी वरिष्ठांना गप्प केलेलं आहे, पण तिथे मी फक्त आईचा दंड धरून तिला खिडकीपासून वळवलं. आपल्याला असं तोंडावर म्हणतात, हे मला पन्नाशीपर्यंत फक्त ऐकून माहीत होतं. अंगावर आलेलं ते पहिल्यांदाच.

आम्ही हॉलमध्ये येऊन बसलो. आत चहा उकळत असल्याचा आवाज येत होता. बाई आत गेल्या, गॅस बंद झाला आणि त्या रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. मग आईच म्हणाली, "चहाचं राहू द्या हं, आम्ही घेऊनच निघालो होतो." त्या बाईला अवघड होऊ नये, आणि तो चहा आपल्यासाठी आला नाही हे मला कळू नये, म्हणून म्हणाली. मला ते कळलं, पण टॅक्सीत बसल्यावर.

"ओटा उंच होता," आई टॅक्सीत म्हणाली. "माझा हात पुरला नसता."

दोन दिवसांनी मेसेज आला, घर विकायचं तूर्त रद्द केलं आहे. त्यानंतर आई जिना उतरली नाही. आता घरं बघायला नको, म्हणाली. गुडघे दुखतात म्हणाली, आणि ते खरंही होतं. पौर्णिमेला ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, दादरच्या दिशेला तोंड करून. समोर गोदामाची भिंत आहे, तिथून काहीच दिसत नाही.

पावसाळा गेला तशी मी एके दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेले. माफी मागायची होती की परत घर शोधा म्हणायचं होतं, माझं मलाच नीट माहीत नव्हतं. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "मावशी कशी आसा?"

मी त्याला दादरच्या त्या घराचं सांगितलं, चहासकट. ऐकता ऐकता त्यानं कपाळाला हात लावला.

"ह्याच नको होता तिला," तो म्हणाला. "बाय, आता बोलतंय. मावशीनं शपथ घातली होती. पहिल्या दिवशी तू दूध आणूक खाली गेलंस ना, तेव्हा मला म्हणाली, भाऊ, प्रत्येक घराला आमचं आधी सांगत जा, विचारून घेत जा. नाही म्हणाले तर माझ्या मुलीला सांग, चावी मिळाली नाही. मी आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून ऐकलंय. तिला मी अजून ऐकू दिलेलं नाही."

झेरॉक्सचं मशीन एकेक कागद बाहेर टाकत होतं.

"आणि नकार आला की?" मी विचारलं.

"तिलाच फोन करायचो. दुपारी, तू ऑफिसात असताना. काय म्हणाले, कसे म्हणाले, सगळा विचारून घ्यायची. मग म्हणायची, बरं, तिला संध्याकाळी चावीचं सांग."

म्हणजे प्रत्येक नकार आधी तिच्यापाशी आला होता. दुपारी एकटीनं ऐकून, पचवून, संध्याकाळी माझ्यासमोर तिनं साडीची घडी घातली होती आणि ऊन नसल्याचं सांगितलं होतं. मी तिची थट्टा केली होती. आणि खालमानेचं ते वाक्यही मीच बोलले होते. मी त्या स्टुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, रडले. त्यानं मशीन बंद केलं आणि दुकानाच्या मालकाला उगाच काहीतरी आणायला पाठवलं.

मग त्यानं विचारलं, "शोधू परत?"

"शोधा," मी म्हणाले. "आधी विचारून घ्या."

"आणि नाय म्हणाले तर? फोन मावशीक करू?"

"नको. मला करा. दुपारी, ऑफिसात."

पहिला फोन गेल्या गुरुवारी आला. घर दादरचं, तळमजल्याचं, समुद्रापासून पाच मिनिटांवर. कोणी काय म्हटलं, कसं म्हटलं, ते मी सगळं विचारून घेतलं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि फायली संपवून घरी आले. आई कॉटवर बसली होती. घर शोधणं परत सुरू केल्याचं तिला सांगितलेलं होतं. ती नको म्हणाली होती, पण इस्त्रीची साडी तिनं काढून उशाशी ठेवली होती.

"काय गं, उद्या जायचंय ना?"

"नाही. चावी मिळाली नाही," मी म्हणाले.

आईनं मान वर केली. ती माझ्याकडे खूप वेळ बघत होती. इस्पितळात पेशंटकडे बघायची तशी, कुठे दुखतंय ते शोधत. मी नजर हलू दिली नाही. मग तिनं साडी मांडीवर घेतली आणि तिच्या न मोडलेल्या घडीवरून हात फिरवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या बिल्डिंगला ऊन नसणारच."